जर्मनीत पहिल्याच प्रेझेंटेशनवर कडक फीडबॅक मिळाला, आता पुढे काय करायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात एमबीए करतोस, एका सेमिस्टरसाठी जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये एक्सचेंजवर गेलायस, मार्केटिंगच्या सेमिनारमध्ये १५ मिनिटांचं प्रेझेंटेशन दिलंस आणि संपल्यावर प्रोफेसर सगळ्यांसमोर म्हणाले की स्लाइडवर मजकूर फार, बोलणं फार फास्ट, आणि शेवटी तुला नक्की काय सुचवायचंय तेच कळलं नाही. वर्गातल्या एका मुलीनेही तेच म्हटलं. शाळेपासून वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेला मुलगा तू, त्यामुळे फार लागलं, आणि आता पुढच्या ग्रुप प्रेझेंटेशनला बोलायचं काम दुसऱ्या कुणाला देऊन आपण फक्त स्लाइड बनवाव्यात असं वाटतंय.

ते तेवढं करू नकोस. एकदा ग्रुपमध्ये "हा स्लाइड बनवतो" असं ठरलं की सेमिस्टर संपेपर्यंत तेच गळ्यात पडतं. मी गेली १४ वर्षं बाहेर शिकायला जाणाऱ्या मुलांकडून पुण्यात प्रेझेंटेशनची तयारी करून घेते, त्यातली कितीतरी मुलं परत येऊन हेच सांगतात की अभ्यास झाला, फिरणं झालं, मार्कही बरे पडले पण बोलायची धास्ती नेली तशीच परत आणली. आणि मी स्वतः २००८ च्या ऑक्टोबरपासून त्याच राज्यात एक सेमिस्टर काढलंय त्यामुळे तुझ्या पोटात काय झालं असेल ते मला चांगलंच माहितीये.

माझं पहिलं प्रेझेंटेशन हापूसच्या पल्पवर होतं. विषय मीच घेतलेला, रत्नागिरीचा पल्प जर्मनीत विकायचा तर कुणाला विकायचा, एशियन दुकानांना, रेस्टॉरंटना, की फळांचं योगर्ट बनवणाऱ्या डेअऱ्यांना. २२ स्लाइड केल्या होत्या आणि सुरुवात केली थेट कोकणापासून, पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात कलमं कशी बांधली गेली, हापूस हे नाव अफॉन्सो अल्बुकर्कवरून कसं आलं, मग आमच्या मामांच्या बागेत अढी कशी लावतात तेही सांगितलं. मला वाटत होतं वर्ग रंगलाय. १५ मिनिटं झाली तेव्हा मी तिसऱ्या पर्यायाच्या मध्यावर होते आणि प्रोफेसरबाईंनी हात वर करून शांतपणे सांगितलं, वेळ संपली. मग सगळे मुठीने टेबलावर ठोकायला लागले, मला दोन क्षण कळेचना हे काय चाललंय, तिकडे युनिव्हर्सिटीत टाळ्यांऐवजी टेबल वाजवतात हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा जरा हायसं वाटलं. आणि मग पुढच्या बाकावरच्या एका मुलाने त्याची वही माझ्याकडे वळवली. पानावर तीन ओळी होत्या, एशियन शॉप, रेस्टॉरंट, डेअरी, तिन्हींपुढे प्रश्नचिन्ह, बाकी पान कोरं. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "उद्या माझ्याकडे पल्पचा एक कंटेनर आला तर मी कुणाला फोन करू?"

उत्तर माझ्याकडे होतं, डेअरी. पण ते १९व्या स्लाइडवर होतं आणि तिथवर मी पोचलेच नव्हते.

त्या दिवशी होस्टेलवर येऊन मी खूप रडले, आईला फोन केला तर तिने पहिलाच प्रश्न विचारला, कसं झालं? आणि मला काही सांगता येईना. पण ते वहीचं पान डोक्यातून जाईना. हळूहळू लक्षात आलं की त्या मुलाने मला "तू वाईट बोललीस" असं म्हटलंच नव्हतं. मी पंधरा मिनिटं बोलले त्यातलं त्याच्यापर्यंत काय पोचलं ते त्याने दाखवलं, बस. आणि शाळा कॉलेज मिळून इतक्या वर्षांत हे मला कधी कुणी दाखवलं नव्हतं.

आपलं बोलणं कुठे घडलेलं असतं बघ ना. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो", बाईंनी लिहून दिलेलं भाषण पाठ, हातवारे सुद्धा बसवलेले, आणि शेवटी नंबर आला का नाही आला. मी त्या स्पर्धांना नावं ठेवत नाहीये, उभं राहायचं धाडस मला तिथेच मिळालं आणि तुलाही तिथेच मिळालं असणार. पण तिथे परीक्षक मार्क देतात आणि निघून जातात, पाठांतर, उच्चार, हावभाव, विषयाची मांडणी असे रकाने असतात, "ऐकणाऱ्याला काय कळलं" असा रकाना मी तरी कुठे बघितला नाही. आणि आपली मांडणीही अशी की आधी प्रस्तावना, मग पार्श्वभूमी, मग हळूहळू चढत जायचं आणि मुद्दा सगळ्यात शेवटी, टाळ्यांच्या आधी. बिझनेसच्या वर्गात ऐकणारा माणूस पहिल्या मिनिटातच विचारतो, तुला माझ्याकडून काय हवंय? त्याला उत्तर आधी पाहिजे, कारणं नंतर. तुझ्या प्रोफेसरांचं "काय सुचवायचंय ते कळलं नाही" हे वाक्य बहुतेक इथूनच आलंय. तुझ्याकडे शिफारस नव्हती असं मला नाही वाटत, ती शेवटच्या स्लाइडवर असेल आणि तोवर तू घाईला आला असशील.

आता त्यांच्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल, कारण अर्धं दुखणं तिथलं असतं. तू ज्या भागात आहेस तिथे श्वाबिश लोकांची एक म्हण आहे, "नेट गशिम्फ्ट इश ग्नुग ग्लोब्ट", म्हणजे ओरडलो नाही ना, मग झालं की पुरेसं कौतुक. आपल्याकडचे जुन्या वळणाचे वडील असतात ना, ९० टक्के मिळाले तरी "बरंय" म्हणून पेपरात तोंड घालणारे, साधारण तसंच. त्यांच्यात चूक दाखवणं हा कामाचा भाग आहे, वर्गाबाहेर पडल्यावर तोच माणूस तुझ्याबरोबर मेन्साला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनला, जेवायला येतो आणि त्याच्या डोक्यात काहीही नसतं. तू मात्र आठवडाभर त्याच्या नजरेला नजर देत नाहीस आणि त्याला वाटतं याला काय झालं. मी तर त्या वहीवाल्या मुलाला दहा दिवस टाळत होते, त्यानेच येऊन विचारलं की त्या डेअरीचं पुढे काय झालं, त्याला खरंच उत्सुकता होती. ब्रिटनमध्ये गेलेल्या मुलांची अडचण बरोबर उलटी असते, तिकडे "दॅट्स व्हेरी इंटरेस्टिंग" किंवा "क्वाइट गुड" ऐकून आपली मुलं खूश होऊन येतात आणि समोरच्याला म्हणायचं असतं की फारसं जमलं नाही, ते महिनाभराने मार्क आल्यावर कळतं. त्यामानाने तुला पहिल्याच दिवशी स्पष्ट कळलं.

आणि हो, तू लिहिलंयस की २,३ (आपल्या पद्धतीने २.३) ग्रेड मिळाली आणि तू हादरलास. अरे तिकडे १,० सगळ्यात वर आणि ४,० पर्यंत पास, २,३ म्हणजे "गुट", चांगला. तेवढं तोडून बोलून सुद्धा त्यांनी तुला चांगल्यात बसवलंय, हे जरा पुन्हा वाच.

तर करायचं काय. आजपासून "कसं झालं?" हा प्रश्न बंद. हा प्रश्न विचारला की समोरचा एकतर तुझं मन राखतो, नाहीतर त्याच्या मनाला येईल ते सांगतो, कॉन्फिडन्स वाढव, एनर्जी आण, वगैरे, ज्याचं उद्या सकाळी उठून काहीच करता येत नाही. त्याऐवजी विचार, काय कळलं? मी काय सुचवलं ते तुझ्या शब्दांत सांग. कुठल्या मिनिटाला तुझं लक्ष उडालं? कुठला आकडा आठवतोय? हे प्रश्न प्रेझेंटेशनच्या आधीच दोघांना देऊन ठेवायचे म्हणजे ते त्या दृष्टीने ऐकतात, नंतर विचारलं तर लोकांना आठवत नाही. मी माझ्या मुलांना एक साधी वही करायला लावते, डावीकडे समोरच्याचे शब्द जसेच्या तसे, आपला अर्थ न लावता, मध्ये ते कुठल्या स्लाइडला किंवा मिनिटाला लागू होतं, आणि उजवीकडे पुढच्या वेळी मी काय करणार ते, पण असं की दुसऱ्या माणसाला बघून सांगता यावं केलं की नाही केलं. "हळू बोलेन" हे चालत नाही, हळू म्हणजे काय? "शिफारस पहिल्या मिनिटात बोलेन आणि त्यानंतर तीन सेकंद गप्प राहीन", हे चालतं. आणि एका वेळी एकच, फार तर दोन. सगळं एकदम सुधारायला गेलेली मुलं स्टेजवर स्वतःवरच लक्ष ठेवत बसतात आणि ऐकणारा राहतो बाजूला.

फास्ट बोलण्याचं म्हणशील तर त्यात बहुतेक वेळा तोंडापेक्षा मजकुराचा दोष असतो. इंग्रजीत प्रेझेंटेशनला मिनिटाला १३० ते १५० शब्द हा आम्ही बरा वेग धरतो, आणि ऐकणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नसेल, तुझ्या वर्गात बहुतेकांची नसणार, तर १२० च्या आसपासच राहावं. म्हणजे १५ मिनिटांना १८०० शब्द झाले. माझं ते हापूसचं स्क्रिप्ट मी नंतर मोजलं तर २७०० शब्दांचं होतं, मग मी कितीही शांत डोक्याने उभी राहिले असते तरी पळावंच लागलं असतं. स्क्रिप्ट कापणं हाच तिथे उपाय, श्वासाचे व्यायाम बिव्यायाम नंतर. पुढच्या प्रेझेंटेशनला मी कोकणाची सगळी गोष्ट काढून टाकली, फार जड गेलं मला ते, आणि खरं सांगायचं तर मामांच्या अढीचं एक वाक्य ठेवलंच, डेअरीवाल्याला वर्षभर एकसारखी चव का मिळू शकते या मुद्द्याला जोडून. तेच वाक्य लोकांना आठवलं. म्हणजे आपल्याकडची गोष्ट सांगू नये असं अजिबात नाही, ती मुद्द्याला बांधलेली पाहिजे.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करतोस का? करत नसशील तर कर. पहिल्यांदा स्वतःला बघणं नको वाटतं, आवाज परका वाटतो, सगळ्यांनाच वाटतो, कारण आपला आवाज आपल्याला एरवी कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. एकदा आवाज बंद करून बघ, हात काय करतायत, तू बघतोयस कुठे, स्क्रीनकडे का माणसांकडे. मग स्क्रीन पालथी ठेवून नुसतं ऐक. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये १२ मिनिटांत ३१ वेळा "बेसिकली" होतं, आणि मला जर कुणी सांगितलं असतं तर मी विश्वासच ठेवला नसता. आणि एक गोष्ट आवाज बंद केल्यावरच दिसली. वर्गात कुणी प्रश्न विचारत असताना मी सारखी मान डोलवत होते, आपली ती हो-हो वाली, डावी-उजवीकडे झुकणारी. तिथल्या लोकांना ते "नाही" किंवा "बघू" असं वाटतं, एकाने मला खरंच विचारलं होतं की तुला माझा मुद्दा पटत नाहीये का. तेव्हा कळलं नव्हतं तो असं का विचारतोय.

अॅक्सेंट बदलायच्या मागे मात्र लागू नकोस, मी हे अगदी पोटतिडकीने सांगते. कुणाचं तरी ऐकून खोटं अमेरिकन इंग्रजी बोलायला गेलेली मुलं दोन मिनिटांत दमतात आणि मग दोन्हीकडची राहत नाहीत. आपल्या बोलण्यात ऐकणाऱ्याला अडतं ते शब्दावरच्या जोरामुळे. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्याला त्याची सवयच नाही. इंग्रजीत इकॉनॉमी म्हणताना जोर "कॉ" वर आणि इकॉनॉमिक म्हणताना "नॉ" वर, डेव्हलपमध्ये "व्हे" वर. तुझ्या विषयातले असे वीस-पंचवीस शब्द काढ, डिक्शनरीत ऐक, तेवढ्याच शब्दांवर काम कर, महिन्याभरात फरक पडतो. "व्ही" आणि "डब्ल्यू"चा गोंधळ आपला होतो तसा जर्मनांचाही होतो, त्याची चिंता सोड.

आकड्यांची मात्र चिंता कर. लाख-कोटी तिकडे कुणाला माहीत नाही, १० लाखांचे मिलियन आणि १०० कोटींचे बिलियन करूनच स्लाइडवर टाक. त्यात जर्मनमध्ये १०० कोटीला मिलियार्ड म्हणतात आणि त्यांचं "बिलिओन" म्हणजे एक लाख कोटी, तेव्हा जर्मन सोर्समधून आकडा घेताना हजारपट चूक होऊ शकते. शिवाय ते दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब देतात, १.५०० म्हणजे दीड हजार. आकडा बोलल्यावर थांब, लोकांना तो मनातल्या मनात त्यांच्या भाषेत आणायला वेळ लागतो.

प्रश्नोत्तरांचं तू काही लिहिलं नाहीस पण मी ओळखते, तोंडी परीक्षेची आपली सवय, प्रश्न पुरता व्हायच्या आत उत्तर सुरू आणि येत नसेल तरी काहीतरी ठोकून द्यायचं कारण गप्प राहिलं तर मार्क जातात. तिथे उलट आहे. प्रश्न पूर्ण ऐक, आपल्या शब्दांत परत म्हण, "तुम्हाला किमतीबद्दल विचारायचंय ना?", आणि माहीत नसेल तर सरळ सांग की हे मी तपासलेलं नाही, शुक्रवारपर्यंत मेल करतो, आणि शुक्रवारी खरंच मेल कर. माझ्या त्या सेमिस्टरमध्ये प्रोफेसरबाईंनी ज्या गोष्टीसाठी मला पहिल्यांदा चांगलं म्हटलं ती हीच होती, तीन ओळींची एक मेल.

आता दुसरी बाजू, जी आपली मुलं विसरतात. तुला सुद्धा इतरांना फीडबॅक द्यायचाय. आपण काय करतो, "व्हेरी नाइस, गुड जॉब" म्हणून मोकळे होतो कारण चारचौघांत कुणाचा अपमान नको. समोरच्याला वाटतं याने ऐकलंच नाही. दुसऱ्याचं प्रेझेंटेशन चालू असताना वहीत तीन ओळी लिही, मला काय कळलं, कुठे अडलो, कुठला आकडा लक्षात राहिला, आणि तेच वाचून दाखव, मत द्यायची गरजच नाही. माझ्यात खरा बदल बोलण्यापेक्षा या ऐकण्याने झाला. दुसऱ्याच्या मांडणीत मुद्दा कुठे लपलाय हे दिसायला लागलं की स्वतःचं आपोआप दिसतं. आणि परत आल्यावर तर घरी सुद्धा, बाबा काही सांगायला लागले की मी मध्येच तोडायचे, ते कमी झालं, बाबांनीच एकदा आईला सांगितलं की पोरगी ऐकायला शिकून आली.

सरावाला जागा हवी असेल तर टोस्टमास्टर्सचा क्लब शोध. १९२४ ला कॅलिफोर्नियात सांता आना गावात सुरू झालेली संस्था आहे, स्टुटगार्टकडे क्लब आहेत, आपल्या पुण्यातही भरपूर आहेत, पाहुणा म्हणून जाऊन बसता येतं. पहिलं भाषण ४ ते ६ मिनिटांचं, वेळ दाखवायला हिरवा-पिवळा-लाल दिवा लागतो, एक जण नुसते "अं", "आ" मोजायला बसलेला असतो आणि प्रत्येक भाषणावर दुसरा कुणीतरी उभा राहून दोन-तीन मिनिटं बोलतो. तिथे सूर जरा गोड असतो त्यामुळे सेमिनारची कडक चव तिथे मिळणार नाही, पण आठवड्या-दोन आठवड्यांनी उभं राहायला मिळतं हे फार मोठं आहे.

सगळा फीडबॅक घ्यायलाच पाहिजे असंही नाही. एकाने म्हटलं हात फार हलवतोस आणि दुसऱ्याने म्हटलं मोकळा वाटतोस, तर दोन्ही लिहून ठेव आणि तिसऱ्या वेळेपर्यंत काही करू नकोस. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी न ठरवता तेच सांगितलं तर मात्र ते खरं धर. तुझ्या बाबतीत प्रोफेसर आणि ती मुलगी दोघांनी एकच गोष्ट सांगितलीये, शिफारस कळली नाही. म्हणजे कुठून सुरुवात करायची ते ठरलेलंच आहे. स्लाइडवरचा मजकूर, वेग, ते दोन्ही त्याच्या मागोमाग येतील बघ.

ग्रुप प्रेझेंटेशनला अजून तीन आठवडे आहेत म्हणतोस. ग्रुपला आजच सांग की पहिली दोन मिनिटं मी बोलणार, सुरुवात आणि शिफारस माझी. ती दोन मिनिटं, अडीचशे शब्दांच्या आत, आधी मराठीत कुणाला तरी सांगून बघ, घरी फोनवर आईला सांग, तिला मार्केटिंगचं काही माहीत नसू दे, आणि सांगून झालं की विचार, आई, मी काय करायला सांगितलं? तिला जमलं तर मग इंग्रजीत आण. आणि ती वर्गातली मुलगी, तिला कॉफीला बोलव, तुझ्या पहिल्या प्रेझेंटेशनमधलं तिला आज काय आठवतंय ते विचार, मध्ये एक शब्द न बोलता लिहून घे, आणि तिने काय सांगितलं ते मला इथे कळव.